संशय म्हणजे निकाल नव्हे

अठरा वर्षे सोलापूरच्या कोर्टात वकिली करताना 'पुढच्या तारखेला बघू' हे वाक्य मी पक्षकारांना किती सहजपणे सांगत आले, ते मला मागच्या वर्षी कळले. त्या वेळी तारीख माझी होती आणि निकाल डॉक्टरांकडून यायचा होता.

पाळी नसताना रक्त जात होते. चार महिने ते अंगावर काढले. चाळिशी उलटली की असे होतेच, अशी मीच माझी समजूत घातली. महिला मंडळात आरोग्यावर तास तास बोलणारी मी! शेवटी बहिणीने हाताला धरून नेले. पॅप तपासणीचा रिपोर्ट चांगला आला नाही. मग दुर्बिणीतून गर्भाशयाचे मुख पाहिले. आपल्या बाया त्याला पिशवीचे तोंड म्हणतात. त्यावर पातळ ॲसेटिक ॲसिड लावले. व्हिनेगरमध्ये असते तेच. बिघडलेल्या पेशी त्याने पांढऱ्या दिसतात. तशी पांढरी जागा दिसली, तिथला तुकडा काढला आणि 'दोन आठवड्यांनी या' असे सांगितले. सगळे मिळून वीस मिनिटे.

त्या दोन आठवड्यांबद्दल आपल्या चळवळीत कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

'कॅन्सर आहे का?' असे मी विचारले. 'आत्ता काही सांगता येणार नाही,' हे उत्तर मिळाले. उत्तर खरे होते, पण मी ते 'आहे' असेच ऐकले. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे मी न्यायाधीशांपुढे शेकडो वेळा सांगितले असेल. स्वतःच्या बाबतीत मात्र पहिल्याच रात्री निकाल देऊन मोकळी झाले. मुलीच्या फीचा हिशेब केला, विम्याचे कागद काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी जामिनाच्या अर्जावर युक्तिवाद करताना आरोपीचे नावच आठवेना. संयुत्त निकायात तथागतांनी दोन बाणांची उपमा दिली आहे. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा मनाला. वर्षावासात मी ती कित्येकदा ऐकली होती. पण दुसरा बाण पहिल्याच्या आधी लागू शकतो, हे तेव्हा कळले.

माझ्याजवळ शिक्षण होते, चार प्रश्न विचारण्याची हिंमत होती. मी विचारत गेले आणि जे कळले ते प्रत्येक विहारात सांगण्यासारखे आहे. हा रोग ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूमुळे होतो. त्याच्या अनेक जातींपैकी १६ आणि १८ क्रमांकाच्या दोन जाती सुमारे ७० टक्के रुग्णांच्या मुळाशी असतात. विषाणू शरीरसंबंधातून येतो, पण तो इतका सर्रास आढळतो की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी होऊन जातो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. ज्यांच्यात तो टिकून राहतो, त्यांच्यातही पेशी बिघडून कॅन्सर होण्यास साधारणपणे दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे तपासणीत दोष दिसला याचा अर्थ बहुधा असा, की रोग होण्याआधी आपण पोहोचलो. तुकडा काढल्याने 'हवा लागून' कॅन्सर पसरतो, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. हे मला आमच्याच वस्तीतल्या एका काकूने सांगितले. घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या!

पण शरीरसंबंध हा शब्द आला की आपल्या घरांत वेगळाच खटला उभा राहतो. रिपोर्ट घरी न्यायलाच स्त्रिया घाबरतात. नवरा विचारतो, 'हे तुला कुठून आले?' ते त्याच्याकडूनही आलेले असू शकते, हे त्याला कोण सांगणार? पोटगीच्या एका प्रकरणात समोरच्या पक्षाने असाच तपासणीचा कागद चारित्र्याचा पुरावा म्हणून दाखल केला होता. तेव्हा मी तांत्रिक हरकत घेतली होती. आज मी त्या वकिलाला त्या कागदाचा अर्थच समजावून सांगितला असता.

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी तीन बाया होत्या. एक दुसऱ्यांदा आलेली. पहिल्या खेपेला रिपोर्ट तयार नव्हता. तिचा दोन दिवसांचा रोज बुडाला आणि एसटीचे भाडे गेले ते वेगळेच. ती तिसऱ्यांदा येईल का? तपासणीसाठी शिबिरे होतात, फोटो निघतात, पण रिपोर्ट घ्यायला न आलेल्या बाईच्या दारात कोण जाते? आणि शिबिरे तरी किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतली होती. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचा सरकारी आराखडा तर २०१६ सालचा! जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होते आणि जवळपास ८० हजार स्त्रिया दगावल्या.

आमच्या शेजारच्या उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रिया, चार गट. तीन गटांची वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निष्कर्ष जगापुढे आले. विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात ३४ स्त्रिया या रोगाने गेल्या, चौथ्या गटात ६४. एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे आपल्या मराठवाड्यातल्या बायांनी जगाला सिद्ध करून दिले. ज्ञान जगाला मिळाले, त्या ज्ञानाची किंमत चौथ्या गटाने मोजली. त्यावरून पुढे नैतिकतेचा वादही झाला. पण माझा प्रश्न साधा आहे. इतके सिद्ध झाल्यावरही ती चाचणी त्याच जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दुसऱ्याच वर्षी का पोहोचली नाही?

जिथे तपासणी पोहोचत नाही, तिथे भीती पोहोचते आणि तिचा बाजार मांडला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते म्हणून गेलेल्या कित्येकींना 'पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल' असे सांगितले गेले. ना पॅप, ना तुकडा तपासणी. संशयालाच शिक्षा! मुकादमाची उचल फिटेना, म्हणून पाळीची कटकट नको, असे म्हणत बाईही तयार होते. याला संमती म्हणायचे?

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला आहे. दिल्लीची ४४ वर्षांची स्त्री निदानासाठी भूल घेऊन झोपली आणि उठली तेव्हा तिचे गर्भाशय काढलेले होते. संमती तिच्या आईची! तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे आणि सज्ञान स्त्रीऐवजी आईची सही चालत नाही, असे न्यायालयाने सांगितले. जीवाला तातडीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय आपले वैद्यकीय कागद मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, असे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे विनियम सांगतात. भगिनींनो, कागद मागा. न वाचता आला तरी मागा, वाचून देणारी माणसे आपल्या समाजात आता प्रत्येक वस्तीत आहेत.

परमपूज्य बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ मध्ये संततिनियमनाचा विषय मुंबई विधिमंडळात आणला होता. स्त्रीच्या शरीराचा प्रश्न तेव्हा सभागृहात उघडपणे मांडणारी चळवळ आज विहारात 'पिशवीचे तोंड' म्हणायला का लाजते, हे मला समजत नाही. आमच्या मंडळात मी पहिल्यांदा बोलले तेव्हा दोन जणी उठून गेल्या. त्यातली एक रात्री घरी आली.

माझा रिपोर्ट सोळाव्या दिवशी आला. पेशींत सौम्य बदल आहेत, कॅन्सर नाही, वर्षभराने पुन्हा तपासणी. असे बदल पुष्कळदा आपोआप नाहीसे होतात, असे डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे पुन्हा तारीखच! पण या खेपेला तिचा अर्थ मला ठाऊक आहे.

त्या रात्री घरी आलेल्या ताईंना पाळी बंद होऊन सहा वर्षे झाली आणि आता डाग दिसू लागले होते. परवा त्यांचा तुकडा काढला. रिपोर्ट सोमवारी आहे. मुलाला सुट्टी नाही, नवऱ्याला सांगितलेले नाही. सोमवारी माझी दोन प्रकरणे बोर्डावर होती. तारीख वाढवून मागितली आहे. सकाळी साडेनऊच्या गाडीने आम्ही दोघी निघणार आहोत.