अंगठ्याला कुलूप

गडचांदूरच्या बाजारात यंत्रावर अंगठा टेकवून पैसे काढणारी आजी तुम्ही पाहिली असेल. हा व्यवहार आधार क्रमांकावर चालतो. पहिला आधार क्रमांक २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला.

यंत्र काय पाहते? मुख्यतः अंगठ्यावरील रेघा कोठे संपतात व कोठे दुभंगतात ते. या खुणांची मांडणी प्रत्येकाची निराळी असते. पण निराळी म्हणजे गुप्त नव्हे! कागदावर उठलेल्या ठशावरून सिलिकॉनचा खोटा अंगठा बनवून खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे आपल्या देशात घडले आहेत. परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार?

म्हणून त्याला कुलूप लावावे. आधारच्या संकेतस्थळावर, नोंदवलेल्या मोबाईलच्या मदतीने, ठसे बंद करता येतात. पैसे काढण्यापुरते ते उघडावेत. आधारची प्रत द्यावी लागली, तर शेवटचे ४ अंकच दाखवणारी द्यावी.

आणि मोबाईलवर येणारा सहा अंकी संकेत? त्याच्या १० लाख शक्यता असतात. चोराला तो ओळखता येत नाही, म्हणूनच तो तुम्हाला विचारतो. सांगू नका. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

आज घरी गेल्यावर आजीला विचारा: कुलूप लावले आहे का?