स्वयंचलित ट्रान्समिशन इंजिनाला जोडताना बोल्टची निवड

या जोडासाठी बोल्ट निवडायला सांगितले की पहिला प्रश्न येतो, ‘बोल्ट किती मजबूत हवा?’ प्रश्न योग्य आहे, पण पुरेसा नाही. आटे आणि लांबी चुकली, तर सर्वांत मजबूत बोल्टही निरुपयोगी ठरतो.

१. बोल्टचे काम

ट्रान्समिशन इंजिनाच्या मध्यरेषेवर ठेवण्याचे काम डॉवेल पिना करतात. बोल्ट दोन पृष्ठभाग आवळून धरतात आणि त्यांमधील घर्षण टॉर्क पेलते. म्हणून डॉवेल पिना नसताना जोडणी करू नका.

२. मजबुती

८.८ वर्गाचा एम१० बोल्ट योग्य आवळल्यास सुमारे २५ किलोन्यूटन दाब देतो. समजा, असे सहा बोल्ट आहेत, घर्षणांक ०.१५ आणि बोल्टवर्तुळाची त्रिज्या ०.२ मीटर आहे.

घर्षणाची टॉर्क-क्षमता = ६ × २५,००० × ०.१५ × ०.२ = ४,५०० न्यूटन-मीटर

आता इंजिनाचा टॉर्क ४००, कन्व्हर्टरची वाढ २ पट आणि पहिला गिअर ३ पट धरा. बाहेर २,४०० न्यूटन-मीटर मिळतात. त्यातून इंजिनाचे ४०० वजा केले, की जोडावर २,००० येतात. म्हणजे या उदाहरणात ८.८ वर्ग पुरेसा आहे.

३. आटे

शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल-ब्लॉक व्ही८ इंजिनांत ३/८ इंची, इंचाला १६ आट्यांचे बोल्ट असतात. १९९७ पासूनच्या एलएस इंजिनांत एम१० × १.५ असतात. दोन्हींची बहुतेक छिद्रे जुळतात, म्हणून जुने ट्रान्समिशन एलएसला लावताना जुनेच बोल्ट वापरण्याचा मोह होतो.

इंची बोल्टचा व्यास ९.५२५ मिमी आणि पिच १.५८७५ मिमी आहे. तो एम१० छिद्रात काही फेरे सहज जातो, पण सैल बसतो. आवळताना आटे उखडतात. म्हणून आधी पिच गेजने आटे तपासा आणि बोल्ट हातानेच फिरवून पाहा.

४. लांबी

बोल्टची लांबी = फ्लँजची जाडी + वॉशर + आट्यांची पकड

पकड ॲल्युमिनिअम ब्लॉकमध्ये व्यासाच्या १.५ ते २ पट, तर बिडाच्या ब्लॉकमध्ये १.२५ ते १.५ पट ठेवावी. समजा, ब्लॉक ॲल्युमिनिअमचा, फ्लँज १६ मिमी आणि वॉशर २ मिमी आहे. ३५ मिमीचा बोल्ट १७ मिमी पकड देतो, म्हणजे १.७ पट. ती योग्य आहे.

छिद्रातील आटे मात्र त्याहून खोल हवेत. बोल्ट तळाला टेकला, तर टॉर्क रेंच पूर्ण आकडा दाखवतो, पण फ्लँज आवळलेलाच नसतो.

५. आवळण्यापूर्वी

टॉर्क कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला आहे का, ते पाहा. बेल हाउसिंग ब्लॉकला हातानेच टेकले पाहिजे. फट राहिली, तर बोल्ट आवळून ती बुजवू नका. पंप फुटू शकतो. ट्रान्समिशन मागे घ्या आणि कन्व्हर्टर पुन्हा बसवा. फट नसेल, तर समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने, उत्पादकाच्या पुस्तिकेतील टॉर्कने आवळा.

स्वाध्याय

फ्लँज २० मिमी, वॉशर २ मिमी, ॲल्युमिनिअम ब्लॉक, छिद्रात २२ मिमी खोल आटे. एम१० बोल्टची लांबी किती घ्याल?

उत्तर: ४० मिमी. पकड १८ मिमी मिळते आणि तळाशी ४ मिमी जागा उरते.