ऑनलाइन विक्रीतील वाहतूक खर्च : आकारणीच्या पद्धती आणि लहान विक्रेत्यापुढील निवड

प्रस्तावना

मराठी प्रकाशकांच्या सूचीपत्रांत 'टपालखर्च निराळा' ही ओळ वर्षानुवर्षे छापली जात असे. भारतीय टपाल खात्याची व्ही.पी. सेवा १८७७ साली सुरू झाली. त्या सेवेने पुस्तक मागविणाऱ्या वाचकास किंमत आणि टपालखर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगावे लागत नसे. आज ऑनलाइन बाजारात या ओळीची जागा बव्हंशी 'घरपोच मोफत' या शब्दांनी घेतली आहे. खर्च मात्र नाहीसा झालेला नाही. तो केवळ दिसेनासा झाला आहे.

मोठ्या कंपन्यांचे अनुकरण करून विणकर, बचत गट, लहान प्रकाशक व घरगुती उद्योजकही 'मोफत' हा शब्द वापरू लागतात आणि विक्री वाढूनही हाती काही उरत नाही, असा अनुभव घेतात. वाहतूक खर्च ग्राहकाकडून कोणत्या रूपात घ्यावा, हा निर्णय कशाच्या आधारे करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणांतील किमती व खर्चाचे आकडे स्पष्टीकरणासाठी गृहीत धरलेले आहेत.

१. खर्चाचे खरे स्वरूप

वाहतूक खर्च म्हणजे कुरिअरच्या पावतीवरील रक्कम, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यात वेष्टन, विमा, रोख वसुलीचे शुल्क आणि परत आलेल्या पार्सलांचा खर्च यांचाही समावेश होतो. यांपैकी दोन घटक विशेष दुर्लक्षिले जातात.

पहिला घटक आकारमानाचा. अनेक कुरिअर कंपन्या पार्सलाची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकारास ५००० ने भागतात. येणारे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे अधिक, त्यावर आकारणी होते. ४० × ३० × २५ सेंटीमीटरच्या खोक्यात २ किलोची वस्तू असली, तरी आकारणी ६ किलोची होते. तीच वस्तू ३० × २५ × २० सेंटीमीटरच्या खोक्यात बसविता आली, तर ती ३ किलोवर येते. वाहतूक दराची घासाघीस करण्यापूर्वी खोके बदलून पाहणे म्हणूनच श्रेयस्कर.

दुसरा घटक परत येणाऱ्या पार्सलांचा. पैसे घरी देण्याच्या पद्धतीत ग्राहक दारात नकार देऊ शकतो. समजा, १०० पार्सलांपैकी १० परत आली आणि प्रत्येक फेरीचा खर्च १०० रुपये आहे. जाण्याच्या १०० व परतीच्या १० अशा ११० फेऱ्यांचे ११,००० रुपये होतात. हा भार विकल्या गेलेल्या ९० वस्तूंनीच उचलावयाचा असल्याने प्रत्येक वस्तूमागे खरा खर्च १०० नव्हे, तर सुमारे १२२ रुपये पडतो.

२. आकारणीच्या चार पद्धती

(अ) प्रत्यक्ष खर्चानुसार आकारणी : वजन व अंतर पाहून जेवढा खर्च तेवढाच ग्राहकाकडून घेणे. ही पद्धत सर्वांत न्याय्य आहे. परंतु पिनकोड टाकेपर्यंत ग्राहकास एकूण रक्कम कळत नाही.

(आ) एकसमान आकारणी : प्रत्येक मागणीस ठरावीक रक्कम. ही समजण्यास सोपी. तथापि तिच्यात एक सुप्त धोका आहे. समजा, १०० मागण्यांपैकी ५० शहरातील, ३० राज्यातील व २० दूरच्या राज्यांतील आहेत आणि त्यांचा खर्च अनुक्रमे ६०, ८० व १४० रुपये आहे. सरासरी ८२ रुपये येते, म्हणून विक्रेता सर्वांना ८२ रुपये आकारतो. जवळच्या ग्राहकास हा दर महाग वाटतो, दूरच्यास स्वस्त. कालांतराने मागण्यांचे प्रमाण ३०, ३० व ४० असे झाले, तर सरासरी ९८ रुपयांवर जाते आणि प्रत्येक मागणीत १६ रुपयांची तूट येते. सरासरी जुन्या ग्राहकांवरून काढलेली असते. दर मात्र नवे ग्राहक घडवितो.

(इ) किमतीत समाविष्ट आकारणी : 'मोफत' या शब्दामागे बहुधा हीच पद्धत असते. तिचा एक परिणाम असा, की दोन वस्तू एकत्र घेणारा ग्राहक वाहतुकीचे पैसे दोनदा देतो, जरी पार्सल एकच जात असले तरी. तसेच बाजारमंचाचे कमिशन केवळ वस्तूच्या किमतीवर आहे की एकूण रकमेवर, हे करारात तपासणे आवश्यक ठरते.

(ई) ठरावीक मर्यादेपुढे मोफत : अमेरिकेत ॲमेझॉनने २००२ साली ही मर्यादा टप्प्याटप्प्याने २५ डॉलरपर्यंत खाली आणली. ग्राहकाने मागणी थोडी वाढवावी आणि वाढलेल्या नफ्यातून वाहतूक खर्च निघावा, हे तिचे तत्त्व होय. मर्यादा सरासरी मागणीच्या किंचित वर असावी. परंतु त्या टप्प्यावरील नफा खर्चास पुरतो की नाही, हे आधी पाहावे.

३. ग्राहकाचे मानस

किंमत विभागून सांगितल्यास काय होते, याचा अभ्यास मॉर्विट्झ, ग्रीनलीफ व जॉन्सन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. मूळ किंमत व अधिभार वेगळे दाखविल्यास ग्राहकांस एकूण खर्च कमी असल्याचे स्मरते, असे त्यांना आढळले. तंजीम हुसैन व जॉन मॉर्गन यांनी ईबेवरील लिलावांत केलेल्या क्षेत्रीय प्रयोगांचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आरंभीची किंमत कमी व वाहतूक शुल्क अधिक ठेवल्यास बोली अधिक लागतात, असे त्यांत दिसले. मात्र वाहतूक शुल्क फार मोठे झाल्यावर हा लाभ टिकला नाही.

याच्या उलट बाजूस शून्याचे आकर्षण आहे. अल्प शुल्क आणि शून्य शुल्क यांतील अंतर ग्राहकाच्या मनात रुपयांतील अंतराहून मोठे असते. या आकर्षणाचा परिणाम स्पर्धेवर किती होतो, हे फ्रान्समधील पुस्तकव्यवहारात दिसते. तेथे २०१४ साली पुस्तकांच्या मोफत घरपोच सेवेवर कायद्याने निर्बंध आले, तेव्हा ॲमेझॉनने एक युरो सेंट एवढेच शुल्क लावले. अखेर ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंपेक्षा कमी रकमेच्या पुस्तक मागणीवर किमान ३ युरो शुल्क बंधनकारक करण्यात आले. लहान पुस्तक दुकानांचे रक्षण हा त्यामागील हेतू होता.

४. कायदा व कर

विभागणीचा लाभ घेण्याच्या मोहास कायद्याची मर्यादा आहे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि वाहतूक, टपाल, हाताळणी व कर यांची फोड, अशा दोन्ही गोष्टी देणे अपेक्षित आहे. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी किमतीचे घटक आधी लपवून शेवटी एकेक उघड करण्याची प्रथा फसव्या रचनांमध्ये गणली आहे.

वाहतूक वेगळी दाखविल्याने कर वाचतो, हाही गैरसमज आहे. वस्तू व सेवा कर कायद्यात वस्तू, वेष्टन, वाहतूक व विमा हे एकत्र पुरविल्यास मुख्य वस्तूचाच दर सर्वांस लागू होतो. वस्तूवर ५ टक्के कर असल्यास नोंदणीकृत विक्रेत्याने त्यासोबत आकारलेल्या वाहतुकीवरही ५ टक्केच लागतो. सबब, आकारणीची पद्धत करासाठी निवडू नये.

५. तीन वस्तू, तीन निर्णय

वस्तूचे मूल्य आणि तिचे वजन वा आकारमान यांचे परस्पर प्रमाण हा निर्णयाचा खरा आधार आहे. महाराष्ट्रातील तीन वस्तूंवरून हे स्पष्ट होईल.

पैठणी वजनाने हलकी व मूल्याने मोठी. १२,००० रुपयांच्या पैठणीमागे विम्यासह १५० रुपये वाहतूक खर्च आला, तरी तो सव्वा टक्काच भरतो. येथे खर्च किमतीत समाविष्ट करणे उचित.

सोलापुरी चादरीचे गणित निराळे. ८०० रुपयांच्या चादरीत विक्रेत्याचा नफा १२० रुपये व वाहतूक खर्च १०० रुपये असल्यास 'मोफत' पाठवूनही २० रुपये उरतात, असे वाटते. पण पूर्वोक्त प्रमाणात पार्सले परत आल्यास खर्च १२२ होतो आणि प्रत्येक चादरीमागे २ रुपये तोटा येतो. मागणी वाढेल तसा तोटाही वाढतो. याउलट दोन चादरींच्या पार्सलास १५० रुपये लागत असतील, तर परतीचा भार धरून खर्च १८३ रुपये होतो आणि २४० रुपयांच्या नफ्यातून ५७ रुपये शिल्लक राहतात. म्हणजे एका चादरीस शुल्क घ्यावे व दोन चादरींपासून मोफत द्यावे, हा निर्णय हिशेबातूनच निघतो.

सावंतवाडीची लाकडी खेळणी आकाराने मोठ्या खोक्यात जातात व नाजूक असतात. येथे आकारमानाचे वजन निर्णायक ठरते. म्हणून खोक्यांचे दोन-तीन आकार निश्चित करून प्रत्येकास शहर, राज्य व परराज्य असे तीन दर जाहीर करणे योग्य. त्यामुळे आकारणी न्याय्य राहते आणि ग्राहकास रक्कमही आधी कळते.

निष्कर्ष

वाहतूक खर्च आकारण्याची सर्वांस लागू पडेल अशी एकच उत्तम पद्धत नाही. हलक्या व मौल्यवान वस्तूंसाठी समाविष्ट किंमत, जड व स्वस्त वस्तूंसाठी मर्यादेसह शुल्क आणि आकाराने मोठ्या वस्तूंसाठी विभागवार दर, अशी निवड तर्कसंगत ठरते. दर ठरविण्यापूर्वी परतीची पार्सले हिशेबात धरावीत आणि ग्राहकांचे भौगोलिक प्रमाण दर काही महिन्यांनी तपासावे.

वाणिज्य शाखेच्या वर्गात किंमतनिश्चिती शिकविताना हा विषय बहुधा 'वितरण खर्च' या एका ओळीत संपतो. विद्यार्थ्यांकडून परिसरातील एखाद्या बचत गटाच्या शंभर पार्सलांचा असा हिशेब मांडून घेतल्यास, 'मोफत' या शब्दाची किंमत कोण देतो, हे त्यांना समजेल. आणि त्या गटासही आपली वाढती विक्री लाभाची आहे की तोट्याची, हे वेळीच कळेल.