विश्लेषण : गाडीसाठी सबवूफर बॉक्स घरी बनवताय? आधी लाकूड नव्हे, हवा मोजा!

खारघर, उलवे, तळोजा… नवी मुंबईच्या नव्या नोडमध्ये कुठल्या ना कुठल्या फ्लॅटमध्ये सुतारकाम सुरूच असते. किचन ट्रॉली आणि वॉर्डरोब झाल्यावर उरलेले प्लायचे तुकडे पाहिले, की गाडीत गाणी ऐकणाऱ्या हौशी माणसाच्या मनात हमखास एक विचार येतो : सबवूफरचा बॉक्स यातूनच बनवला तर?

विचार वाईट नाही. बॉक्स म्हणजे सहा फळ्या आणि एक गोल भोक. पण घरगुती बॉक्स बहुतेक वेळा सुतारकामात फसत नाहीत, ते गणितात फसतात. आणि गणित जमले तरी वायरिंगमध्ये केलेली कंजुषी थेट गाडीवर बेतू शकते.

स्पीकरला बॉक्स लागतोच कशासाठी?

वूफरचा कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या बरोबर उलट असतो. वूफर उघडा ठेवला तर मागची लहर कडेने वळून पुढे येते आणि दोन्ही लहरी एकमेकींना खोडून काढतात.

सूर जितका खालचा, तितकी लहर लांब. ४० हर्ट्झच्या सुराची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते. छोटी हॅचबॅक गाडी मात्र चार मीटरच्या आत संपते. त्यामुळे उघड्या वूफरचा बेस जवळपास गायब होतो. मागची लहर कोंडून ठेवणे हे बॉक्सचे पहिले काम.

दुसरे काम त्याहून महत्त्वाचे आहे. बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी वागते. बॉक्स लहान, तर स्प्रिंग कडक. बॉक्स मोठा, तर स्प्रिंग सैल. कोन किती आणि कसा हलणार हे या स्प्रिंगवर ठरते. थोडक्यात, बॉक्स हा स्पीकरचाच अर्धा भाग आहे.

सीलबंद की पोर्टेड?

सीलबंद बॉक्स पूर्ण बंद असतो. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी हवेच्या स्प्रिंगवर चालणारा छोटा बंद स्पीकर बाजारात आणला, तेच हे तत्त्व. आवाज घट्ट आणि नेमका येतो. ढोलकी-तबल्याचा ठोका ठोक्यासारखाच ऐकू येतो.

पोर्टेड बॉक्समध्ये एक नळी असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जसा सूर घुमतो, तशी नळीतली हवा एका ठरावीक सुराला घुमते. तेवढ्याच वॅटमध्ये आवाज जास्त मिळतो. पण नळीची लांबी-रुंदी चुकली, तर सगळ्याच गाण्यांत एकच सूर घुमत राहतो. शिवाय ठरलेल्या सुराच्या खाली गेल्यावर कोनाला हवेचा आधार उरत नाही. तो बेफाम हलतो आणि कॉइल निकामी होऊ शकते.

पहिल्यांदाच बनवत असाल तर सीलबंद बॉक्स निवडा. माप थोडे इकडेतिकडे झाले तरी तो सांभाळून घेतो. शिवाय काचा बंद असलेल्या गाडीची छोटी केबिनही अगदी खालच्या सुरांना जोर देते.

माप कसे काढायचे?

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. समजा, बाहेरून ४५ × ३६ × ३२ सेंटीमीटरचा बॉक्स ठरवला. गुणाकार केला तर ५१.८ लिटर येतात. पण फळी १८ मिलिमीटरची आहे. दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की आतले माप होते ४१.४ × ३२.४ × २८.४ सेंटीमीटर, म्हणजे ३८.१ लिटर. वूफरचे मॅग्नेट आणि आतल्या आधारपट्ट्या मिळून आणखी सुमारे ५ लिटर जागा खातात. हातात राहते ३३ लिटर हवा. कागदावरच्या ५२ लिटरचे पाहता पाहता ३३ झाले!

किती लिटर हवेत, हे वूफरच सांगतो. त्याच्या माहितीपत्रकावर एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस असे तीन आकडे असतात. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात, दोघांनीही ऑस्ट्रेलियात केलेल्या कामातून ही पद्धत रूढ झाली.

सीलबंद बॉक्सचे सूत्र सोपे आहे. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि क्यूटीएसने गुणा. उत्तर ०.७ च्या आसपास आले की बेस सपाट आणि स्वच्छ.

उदाहरणार्थ, व्हीएएस ५० लिटर आणि क्यूटीएस ०.४५ असेल, तर ३३ लिटरच्या बॉक्सला उत्तर येते ०.७१. हाच वूफर २० लिटरच्या डब्यात कोंबला तर ०.८४. मग बेस खोल न जाता मध्येच फुगतो आणि ‘धब-धब’ ऐकू येते.

माहितीपत्रकच नसलेला आणि खोक्यावर फक्त हजारो वॅट छापलेला वूफर घेऊ नका. बघायचा आकडा ‘आरएमएस’ वॅटचा.

एमडीएफ की प्लाय?

एमडीएफ एकजिनसी असतो, स्वस्त असतो आणि कमी थरथरतो. पण पाणी लागले की कडा फुगतात. नवी मुंबईच्या पावसाळ्यात ओल्या छत्र्या डिकीत पडणार असतील, तर हा धोका खरा आहे. एमडीएफ वापरायचाच तर कडांना सीलर लावा.

आयएस ७१० मार्क असलेला मरीन प्लाय महाग पडतो, पण दमट हवेत टिकतो. हलक्या प्लायमध्ये थरांच्या मध्ये पोकळ्या असतात आणि बेस वाजताच त्या खरखरतात. उरलेले तुकडे वापरण्याआधी कापलेल्या कडा नीट पाहा.

वरच्या मापाच्या बॉक्सला आठ बाय चार फुटांच्या शीटचा साधारण पाव भाग पुरतो. फळ्या प्लायच्या दुकानातच किंवा सुताराकडून मशीनवर कापून घ्या. कड सरळ आली तर अर्धे काम झाले. फ्लॅटमध्ये कापणार असाल तर मास्क लावाच, एमडीएफचा भुसा फुप्फुसांना घातक असतो. सोसायटीच्या कामाच्या वेळाही पाळा.

जोडताना आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू बसवा, नाहीतर एमडीएफची कड चिरते. प्रत्येक सांध्याला भरपूर फेव्हिकॉल आणि आतून सीलंट लावा. सीलंट पूर्ण वाळल्यावरच वूफर बसवा. शेवटी खालचा सूर वाजवून अगरबत्ती सांध्यांजवळून बाहेरून फिरवा. धूर एखाद्या ठिकाणी फडफडला, तर तिथून हवा गळते आहे.

सर्वांत धोक्याचा भाग कोणता?

वायरिंग. ५०० वॅट आरएमएसचा ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षमतेने चालला, तरी पूर्ण आवाजात १३.८ व्होल्टला सुमारे ४५ अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह बारीक वायरीतून गेला की वायर तापते.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत असायला हवा. तो ॲम्प्लिफायरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. इंजिनकडून केबिनमध्ये येताना पत्र्याच्या धारेने वायरीचे आवरण सोलले, तर बॅटरीचा पूर्ण प्रवाह थेट बॉडीत जातो. जवळ फ्यूज नसेल तर तिथेच आग लागू शकते. म्हणून पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच.

वायर शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. त्याच जाडीला ती कमी प्रवाह झेलते. कामाला हात लावण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढा. हा भाग जमणार नसेल, तर बॉक्स तुम्ही बनवा आणि वायरिंग जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या.

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर?

मग आधी जागाच मोजा. टाकीला, तिच्या व्हॉल्व्हला किंवा गॅसच्या नळीला टेकेल असा बॉक्स ठेवू नका. डिकीच्या तळाला आंधळेपणाने स्क्रू मारू नका, खालून नळ्या जातात. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. त्यामुळे बॉक्स सहज बाहेर निघायला हवा.

वरच्या मापाच्या एमडीएफ बॉक्सच्या नुसत्या फळ्यांचेच वजन सुमारे १० किलो भरते. वूफर धरून त्याहून बरेच जास्त. करकचून ब्रेक लागला की हे वजन मागच्या सीटवर आदळते. त्यामुळे बॉक्स पट्ट्याने बांधलेलाच हवा.

नियम काय सांगतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात बदल होईल असा फेरफार परस्पर करता येत नाही. डिकीत सुटा बॉक्स ठेवणे वेगळे आणि सीट काढून, पत्रा कापून तो बसवणे वेगळे. दुसऱ्या वाटेला जाऊच नका. मूळ वायरिंग कापले तर वॉरंटीचाही वाद उभा राहू शकतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे.

इथे एक तांत्रिक मेख आहे. हे डेसिबल माणसाच्या कानाच्या कलाने मोजतात आणि त्या मोजणीत ४० हर्ट्झचा सूर सुमारे ३५ डेसिबलने कमी धरला जातो. म्हणून मीटरवर आकडा लहान दिसला, तरी शेजाऱ्याच्या खिडकीची तावदाने थरथरू शकतात. खालचे सूर भिंतींना फारसे जुमानत नाहीत. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी लावून ‘टेस्टिंग’ करणाऱ्यांनी वरच्या मजल्यावर झोपलेल्या बाळाचा आणि आजोबांचा विचार करावा.

मग सुरुवात कुठून?

आधी वूफर ठरवा, मग त्याचे तीन आकडे पाहा, मग कागदावर आतले माप काढा आणि शेवटी लाकूड आणा. बहुतेक जण उरलेल्या लाकडापासून सुरुवात करतात आणि त्या मापात वूफर कोंबतात. क्रम एवढा बदलला, तरी साध्या वूफरचाही बेस गाडीत नीट ऐकू येईल. आणि आवाज मर्यादेत ठेवला, तर मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा सायरनही.