ट्रॉलीचा जॅक का वाकतो?

शेणखत, मुरूम वाहणाऱ्या ट्रॉलीचा जॅक म्हणजे एकात एक बसवलेल्या नळ्या. पंपाने तेल दाबले की आधी जाड नळी बारक्यांना पोटात घेऊन वर सरकते, मग बारक्या निघतात. बारकी नळी भरभर चढते, पण तेवढ्याच वजनाला तिला तेलाचा दाब जास्त लागतो.

जॅक सरळ रेटतो. आडवा जोर त्याला सोसत नाही. उतारावर ट्रॉली उचलली, किंवा ओला मुरूम एका कडेला चिकटून राहिला, की नळ्या वाकतात. तेलात माती गेली तर सील झिजते नि गळती लागते.

तेव्हा जागा सपाट बघा, तेल स्वच्छ ठेवा. आणि भक्कम टेकू दिल्याशिवाय उचललेल्या ट्रॉलीखाली शिरू नका. पाईप फुटला तर ट्रॉली क्षणात खाली येते.