मनगटावरचा निळा पट्टा

चौदा एप्रिल जवळ आला की मेढ्याच्या एस.टी. स्टँडसमोरच्या दुकानांत दोरीला रबरी पट्टे लटकलेले दिसू लागतात. हाताला मऊ, ताणला की मोठा होणारा, सोडला की मनगटावर बसणारा हा पट्टा बहुतेक निळा असतो आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेले असते. पोरे त्याला 'बँड' म्हणतात. त्याच्याच शेजारी इलॅस्टिकमध्ये ओवलेल्या चपट्या मण्यांचे कडे असते. त्याच्या एकेका मण्यावर बुद्ध, बाबासाहेब, अशोकचक्र, पिंपळाचे पान अशी बारीक छापील चित्रे असतात. जावळी तालुक्यात घरटी कोणी ना कोणी मुंबईला कामाला आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलेल्या माणसाच्या पिशवीत पुस्तक निघते, कॅलेंडर निघते आणि मुलांसाठी हे दोन-चार बँडही निघतात. दहा-वीस रुपयांची वस्तू. तिच्यावर एवढे लिहायचे काय, असे कोणी म्हणेल. पण आम्हाला तिच्याबद्दल बरेच सांगायचे आहे.

मनगटावर काही बांधणे ही आपल्या समाजासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये पेशवाईतल्या अस्पृश्यांची स्थिती सांगितली आहे. गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू सर्वांना माहीत आहे. त्याच ठिकाणी त्यांनी काळ्या दोऱ्याचाही उल्लेख केला आहे. चुकून शिवाशिव होऊ नये म्हणून अस्पृश्याने मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, म्हणजे तो लांबूनच ओळखू येईल, असा तो दंडक होता. आपल्या पूर्वजांच्या मनगटावरची ही खूण दुसऱ्याने लादलेली होती.

दागिन्यांचेही तसेच. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांशी बाबासाहेब स्वतंत्रपणे बोलले. त्या काळी आपल्या आया-आज्या गळ्यात भाराभर गळसऱ्या घालीत आणि हातात कोपरापर्यंत कथलाची नाही तर चांदीची कडी घालीत. त्यांवरूनच जात कळायची. हे टाका, लुगडे नीट पायघोळ नेसा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले, आणि बायांनी ते लगेच मनावर घेतले. आज आपली लेक हातात काय घालते याकडे पाहताना ही गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यातली आठवण तर आणखी जवळची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोट्या भिवाचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी ही भावंडे नोकरीनिमित्त परगावी असलेल्या वडिलांकडे निघाली. नवे सदरे, चमकदार टोप्या, रेशीमकाठी धोतरे असा थाट होता. मसूर स्टेशनवर उतरल्यावर स्टेशनमास्तरला ती मोठ्या घरची मुले वाटली, म्हणून त्याने आपुलकीने चौकशी केली. 'आम्ही महार' हे शब्द ऐकताच त्याचा चेहरा बदलला. पुढे बैलगाडी मिळेना आणि वाटेत पाणीही मिळेना. अंगावरचे चांगले कपडे जात लपवू शकले, पण तोंडून खरे निघेपर्यंतच. आजचा निळा बँड त्याच्या अगदी उलट काम करतो. विचारण्याआधीच तो सांगून टाकतो.

म्हणूनच पोरांना तो आवडतो, असे आम्हाला वाटते. लादलेली खूण आणि आपण होऊन घातलेली खूण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण ती घालणाऱ्याला जोखीम नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून वाद होऊन आपल्या एका तरुणाचा जीव गेला. तमिळनाडूत तर शाळकरी मुलांच्या हातातले रंगीत पट्टे हीच जातीची निशाणी होऊन बसली. एका जातीच्या मुलांचा एक रंग, दुसरीच्या मुलांचा दुसरा, आणि त्यावरून मैदानात, बसमध्ये हाणामाऱ्या. २०१९ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याला त्याविरुद्ध परिपत्रक काढावे लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या नांगुनेरीत एका दलित विद्यार्थ्यावर आणि त्याच्या बहिणीवर शाळेतल्याच मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली गेली. जून २०२४ मध्ये तिने अहवाल दिला आणि शाळेत रंगीत मनगटी पट्टे, अंगठ्या आणि कपाळावरच्या खुणा यांना बंदी असावी, अशी शिफारस केली.

आपल्याकडे अजून तेवढे झालेले नाही. तरी शाळेत हा प्रश्न येतोच. आमचे मत स्पष्ट आहे. गुरुजींनी 'जय भीम'चा बँड काढायला सांगितला तर आधी त्यांना नम्रपणे विचारावे, बाकीच्या मुलांच्या हातातले लाल-भगवे धागे, ताईत, कडी काढली का? सर्वांची काढली असतील तर आपल्याही मुलाने बँड काढून दप्तरात ठेवावा, त्यात कमीपणा नाही. पण नियम एकट्या निळ्या रंगालाच असेल, तर आई-बापाने मुख्याध्यापकांकडे जाऊन बोलावे. ते काम मुलावर सोपवू नये. दहा वर्षांच्या पोराने वर्गात एकट्याने उभे राहून उत्तर द्यावे, ही अपेक्षा बरी नव्हे.

आता ही वस्तू आली कुठून ते पाहू. आपल्याकडे पूर्वी फ्रेंडशिप बँड होते. १९९८ च्या 'कुछ कुछ होता है' नंतर तर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी कॉलेजच्या पोरांचे हात त्यांनी भरून जात. अक्षरांचा रबरी पट्टा मात्र अमेरिकेतला. २००४ मध्ये सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याच्या कॅन्सरसाठी काम करणाऱ्या संस्थेने एका डॉलरला एक असे पिवळे पट्टे विकायला काढले. आठ कोटींहून अधिक खपले. पुढे २०१२ मध्ये उत्तेजक औषधे घेतल्याबद्दल त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि अनेकांनी हातातले पट्टे उतरवले. माणसाचे नाव उतरले, पण कल्पना राहिली. जगभर प्रत्येक चळवळीने आपापल्या रंगाचा पट्टा करून घेतला.

हा पट्टा साध्या रबराचा नसून सिलिकोनचा असतो. रबर झाडाच्या चिकापासून येते. सिलिकोन मुळात वाळूतल्या सिलिकापासून रासायनिक क्रियेने तयार करतात. कणकेसारखा रंगीत गोळा साच्यात घालून उष्णता आणि दाब दिला की काही मिनिटांत पट्टा तयार. घामाने, उन्हाने, पाण्याने तो सहसा खराब होत नाही. मोठ्या माणसाच्या पट्ट्याचा घेर साधारण २०२ मिलिमीटर आणि मुलांचा १८० मिलिमीटर असतो. अक्षरांच्या दोन तऱ्हा आहेत. एक वरून छापलेली, ती स्वस्त, पण सिलिकोनवर साधी शाई धरत नाही, खास शाई लागते. ती नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात 'जय' राहतो आणि 'भीम' जातो. दुसरी साच्यातच खोल कोरलेली, तिच्यात रंग भरलेला असतो, ती टिकते. घेताना अक्षरावर नख घासून पाहावे. पट्टा पिळून, ताणून पाहावा. ताणल्यावर तो पांढुरका पडला तर त्यात भेसळीची भुकटी जास्त आहे असे समजावे. जयंती मंडळाने शे-दोनशे एकदम करून घ्यायचे ठरवले तर साच्याचा खर्च एकदाच येतो, म्हणून कोरीव अक्षरेच सांगावीत.

चित्राच्या मण्यांचे कडे वेगळे. लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा चपटा मणी, त्याला आडवी दोन भोके, त्यांतून दोन इलॅस्टिकचे दोरे, वर चिकटवलेले छापील चित्र आणि त्यावर पारदर्शक रेझिनचा थेंब. काही दिवसांनी उन्हाने तो थेंब पिवळा पडतो आणि दोरा सैल होतो. मग मणी कुठे तरी गळून पडतात. बाबासाहेबांचा चेहरा असलेला मणी गटाराच्या कडेला पडलेला पाहून आम्हाला वाईट वाटले. हात शेणात जातो, मोरीत जातो, संडासातही जातो. बुद्धाच्या चित्राबद्दल श्रीलंकेत लोक किती हळवे आहेत, ते २०१४ मध्ये दिसले. दंडावर बुद्धाचे चित्र गोंदलेल्या एका ब्रिटिश बाईला तिथून परत पाठवले गेले. पुढे तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तिला नुकसानभरपाई देवविली, हेही सांगितले पाहिजे. आमच्या मते धाक नको, पण हातात चित्रापेक्षा अक्षरे किंवा चक्र बरे. चित्र घरात भिंतीवर शोभते.

चित्रांतही एक गफलत चालते. पोट सुटलेला, हसणारा एक जाडा 'बुद्ध' या कड्यांवर सर्रास दिसतो आणि तो घातला की पैसा येतो, असे विकणारा सांगतो. तो आपला तथागत नव्हे. तो चीनमधला बुदाई नावाचा भटका भिक्षू, दहाव्या शतकातला. पैशाचा आणि त्याचा संबंध दुकानदारांनी जोडला. अशीच हूल शक्तीच्या पट्ट्यांची. 'पॉवर बॅलन्स' नावाचे सिलिकोनचे पट्टे चकाकणारे लेबल लावून, अंगात ताकद आणि तोल येतो म्हणून, महागात विकले जात. डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात कंपनीला कबूल करावे लागले की याला कोणताही शास्त्रीय आधार नाही, आणि गिऱ्हाइकांचे पैसे परत द्यावे लागले. १९५६ नंतर आपल्या घरांनी गंडेदोरे सोडले. ते आता रबराचे होऊन निळ्या रंगात परत आले, तर आपण तरी काय मिळवले?

आता आयाबायांसाठी सर्वांत महत्त्वाचे. हे नीट वाचावे आणि वाचता न येणाऱ्या शेजारणीला वाचून दाखवावे.

लहान मुलाच्या मनगटात घट्ट बसणारे रबर किंवा दोरा घालून विसरणे फार धोक्याचे आहे. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी अशा मुलांची उदाहरणे नोंदवली आहेत. 'रबर बँड सिंड्रोम' असे त्याला नाव आहे. घरातले कोणी तरी बाळाच्या हातात बारीक रबर घालते, वर बाहीचा कपडा येतो आणि सगळे विसरतात. मूल वाढते, रबर वाढत नाही. हळूहळू ते कातडीत रुतते आणि वरून कातडी जुळते, त्यामुळे रबर दिसतच नाही. मनगटाभोवती गोल जखम राहते, पू येतो, औषधाने बरी होत नाही. वेळ गेला तर शिरा आणि स्नायूंच्या दोऱ्या कापल्या जातात, हाडापर्यंत इजा जाते. बोलता न येणारे मूल फक्त रडते. मनगटाभोवती बांगडीसारखी गोल, न भरणारी जखम दिसली की मलम लावत बसू नये. सरकारी दवाखान्यात नेऊन 'आत रबर अडकले असेल का?' असे डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. ते शस्त्रक्रिया करून काढावे लागते.

मोठ्या मुलांनाही पट्टा असा हवा की आत दोन बोटे सहज जावीत. झोपताना काढायचा. मोठ्याचा पट्टा दुहेरी करून लहानाला घालायचा नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला मण्यांचे कडे मुळीच देऊ नये. दोरा तुटतो आणि मणी घशात जातो. लोंबणारे धातूचे पदक असेल तर अधिक जपावे. २००६ मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलाने बुटांबरोबर फुकट मिळालेल्या कड्याचे हृदयाच्या आकाराचे पदक गिळले. ते जवळपास सगळे शिशाचे होते. मूल दगावले. स्वस्त धातूत निकेलही असते, त्याने काहींच्या मनगटाला खाज येऊन काळे चट्टे पडतात. असे झाले तर कडे काढून टाकावे, सवय होईल म्हणून वाट पाहू नये.

कारखान्यात, मळणीवर, रसाच्या गुऱ्हाळात काम करणाऱ्यांनी कामाला लागण्यापूर्वी पट्टा खिशात ठेवावा. काचेची बांगडी फुटून हात सोडते, सिलिकोन तुटत नाही, ताणला जाऊन हातच आत ओढतो.

ताणणाऱ्या कड्याचा एक गुण मात्र बायांना खरोखर सोयीचा आहे. बांगडीला माप लागते. कासार 'दोन-चार', 'दोन-सहा' म्हणतो, म्हणजे दोन इंच आणि वर सोळांशाचे चार किंवा सहा भाग. कामाने हाड मोठे झालेल्या हातावरून बांगडी चढवताना डोळ्यांत पाणी येते. इलॅस्टिकला माप नको. शिवाय ते सौभाग्याचे लेणेही नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवेच्या बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो सगळ्या गावांना कळवला. ज्या बाईला अजून हात भरायला संकोच वाटतो तिने निळे कडे घातले, तर कोण काय म्हणणार?

ही कडी घरी करता येतात. बचत गटाला चौदा एप्रिलपूर्वी महिनाभर काम मिळेल. एक मिलिमीटर जाडीचा इलॅस्टिकचा दोरा घ्यावा. ओवण्यापूर्वी तो दोन-तीन वेळा चांगला ताणून घ्यावा, नाही तर आठवड्यात कडे सैल होते. मनगटाचे माप घेऊन त्यात अर्धा इंच वाढवावा. मणी ओवून झाले की साधी गाठ न मारता पहिल्याच वेढ्यात दोरा दोनदा फिरवून गाठ घ्यावी, वर आणखी एक मारावी, गाठीवर फेविक्विकचा नव्हे तर मऊ राहणाऱ्या डिंकाचा थेंब टाकावा. फेविक्विकने दोरा कडक होऊन तिथेच तुटतो. डिंक वाळल्यावर गाठ मोठ्या भोकाच्या मण्यात ओढून घ्यावी. पंचशील ध्वजाचे निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच रंग क्रमाने ओवले तर छापील चित्राची गरजही पडत नाही. मणी घेताना लाकडी घ्यावेत आणि त्यांचा रंग ओल्या फडक्याला लागतो का, ते दुकानातच पाहून घ्यावे.