अभिजात क्रीडामोटारींचे धक्काशोषक

अभिजात क्रीडामोटारींचे धक्काशोषक ही जुन्या, जतन केलेल्या व वेगाने धावण्यासाठी बांधलेल्या मोटारीच्या स्प्रिंगांचे हेलकावे शमवणारी साधने होत. महाराष्ट्रातील गॅरेजांत त्यांना सर्रास ‘शॉकअप’ असे म्हणतात. मोटार जुनी झाली की हा भाग इंजिनाच्या आधी निकामी होतो. मात्र तो हळूहळू निकामी होत असल्यामुळे चालकाला त्याची सवय होते आणि दोष बऱ्याच उशिरा ध्यानात येतो. मूळ उत्पादकाने पुरवठा थांबवल्यानंतर बदली धक्काशोषक निवडणे हा अशा मोटारींच्या जतनातील एक वादाचा विषय आहे. चुकीची निवड केल्यास वळणावर चाक रस्त्यावरून सुटण्याचा धोका असतो, आणि घाईने केलेल्या फेरबदलात मोटारीचे ऐतिहासिक मूल्यही कमी होते.

संज्ञा आणि कार्य

‘धक्काशोषक’ हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. खड्ड्याचा धक्का प्रत्यक्षात स्प्रिंग झेलते. दबलेली स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत करते आणि तिला कोणी आवरले नाही तर मोटार वरखाली झुलत राहते. हे झुलणे थांबवण्याचे, म्हणजेच अवमंदनाचे काम धक्काशोषक करतो. त्यातील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून ढकलले जाते आणि गतीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. लांब प्रवासानंतर धक्काशोषक हाताला गरम लागतो तो यामुळेच. या दृष्टीने ‘अवमंदक’ हा शब्द अधिक नेमका ठरतो. तो रूढ झाला नाही, एवढेच.

प्रकार

सर्वांत जुने धक्काशोषक घर्षणावर चालत. एकमेकींवर घट्ट आवळलेल्या चकत्या तरफेबरोबर फिरत आणि घर्षणाने हालचाल रोखत. फ्रान्समधील ज्यूल ट्रुफॉ यांची ही रचना अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणली. घर्षणाचा दोष असा की, ते मंद गतीला सर्वाधिक अडवते आणि वेगवान धक्क्याला त्या प्रमाणात वाढत नाही. द्रवचालित साधनांत अवरोध गतीबरोबर वाढतो. म्हणून तीच पुढे टिकली.

द्रवचालित धक्काशोषकांपैकी तरफेचा प्रकार ब्रिटिश क्रीडामोटारींत दीर्घकाळ वापरात होता. यात चॅसीवर पक्क्या बसवलेल्या ओतीव पेटीत दट्टे व तेल असते आणि बाहेर आलेली तरफ चाकाच्या जोडणीला बांधलेली असते. आजच्या बहुतेक मोटारींत दिसतो तो दुर्बिणी प्रकार, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा. त्याचे दोन पोटभेद आहेत. दुहेरी नळीच्या रचनेत आतील नळीत दट्ट्या फिरतो व बाहेरील नळी तेलाची कोठी म्हणून काम करते. एकनळी रचनेत तेल व उच्च दाबाचा वायू एका सरकत्या दट्ट्याने वेगळे ठेवलेले असतात. ही रचना फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बाँ यांच्या नावाशी निगडित असून जर्मनीतील बिलस्टाइन कंपनीने ती मोठ्या प्रमाणावर उत्पादनात आणली. नेदरलँड्समधील कोनी कंपनीचे धक्काशोषक जुळवणीच्या सोयीसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या जुन्या प्रकारात दांडा पूर्ण दाबून फिरवला की परतीच्या चालीतील अवरोध कमीजास्त करता येतो.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

मुंबई बंदरामुळे परदेशी मोटारींचा प्रवेश महाराष्ट्रात लवकर झाला. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारजुळणी सुरू केली. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली व पुढे कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० व तिचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमिअर पद्मिनी बाहेर पडली. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर देशात उत्पादन न करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे थांबणे कठीण झाले. परिणामी त्यापूर्वी आलेल्या एमजी, जॅग्वार यांसारख्या क्रीडामोटारी येथेच राहिल्या, पण त्यांचे सुटे भाग दुर्मीळ झाले. मुंबईतील अनेक पारशी कुटुंबांनी व हौशी संग्राहकांनी त्या जपल्या. चोरबाजार, कुर्ल्यातील जुन्या भागांची दुकाने व ऑपेरा हाउस परिसरातील सुट्या भागांची बाजारपेठ हेच त्यांचे आधार होते.

१९६१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियामुळे देशी बनावटीचे धक्काशोषक सहज मिळू लागले. त्यामुळे परदेशी मोटारीला फियाटचे किंवा अॅम्बॅसडरचे धक्काशोषक बसवण्याचा मार्ग खुला झाला. टंचाईच्या काळात तो समजण्यासारखा होता. मात्र मोटारीचे वजन सारखे आहे एवढ्यावरून भाग जुळतो असे नाही. पद्मिनी व एमजीबी या दोन्हींचे वजन सुमारे नऊशे किलोग्रॅम भरते, परंतु पद्मिनीला दुर्बिणी धक्काशोषक आहेत आणि एमजीबीला पुढे-मागे तरफेचे. दोन्हींच्या स्प्रिंगांची ताकद, चाकाचा प्रवास व धक्काशोषक बांधण्याची जागा वेगवेगळी आहे.

निवडीचे निकष

पहिला प्रश्न कडकपणाचा. क्रीडामोटार म्हणजे कडक धक्काशोषक, हा समज फार पसरलेला आहे. पदार्थविज्ञानाच्या भाषेत पाहिले तर अवरोधाचे योग्य मूल्य स्प्रिंगेच्या ताकदीवर व तिच्यावरील वस्तुमानावर ठरते. या दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट म्हणजे निर्णायक अवमंदन. एवढा अवरोध असल्यास दबलेली मोटार एकदाही न झुलता जागेवर येते. प्रवासी मोटारीत साधारणतः याच्या २० ते ३० टक्के अवरोध ठेवतात आणि क्रीडामोटारीत त्याहून काहीसा अधिक.

समजा, एका चाकावर २०० किलोग्रॅम भार आहे आणि चाकापाशी स्प्रिंगेची ताकद मीटरला २०,००० न्यूटन आहे. गुणाकार ४० लाख, त्याचे वर्गमूळ २,००० आणि दुप्पट ४,००० न्यूटन-सेकंद प्रतिमीटर. याच्या ३० टक्के म्हणजे १,२०० हे योग्य मूल्य झाले. आता मालकाने हौसेने दीडपट ताकदीची स्प्रिंग बसवली, तर निर्णायक मूल्य सुमारे ४,९०० होते आणि तोच धक्काशोषक ३० ऐवजी जेमतेम २४-२५ टक्के काम करतो. म्हणजे स्प्रिंग बदलली की उत्तम स्थितीतील धक्काशोषकही अपुरा पडतो. उलट, मूळ नरम स्प्रिंगेवर शर्यतीचा धक्काशोषक बसवला तर परतीच्या चालीत चाक वेळेवर खाली येत नाही. लागोपाठ खड्डे आल्यास स्प्रिंग प्रत्येक खड्ड्यागणिक अधिकाधिक दबून राहते आणि मोटार हळूहळू खाली बसते.

धक्काशोषक कोठे बांधला आहे यावरही गणित बदलते. चाक जेवढे हलते त्याच्या निम्मेच धक्काशोषक हलत असेल, तर चाकापाशी तोच परिणाम साधण्यासाठी त्याचा स्वतःचा अवरोध चौपट लागतो. एका मोटारीसाठी उत्तम ठरलेला धक्काशोषक दुसरीवर निरुपयोगी का ठरतो, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

दुसरा निकष लांबीचा. तो नीरस वाटला तरी सर्वाधिक चुका तेथेच होतात. पूर्ण दाबलेली व पूर्ण ताणलेली, अशा दोन्ही लांब्या मोजाव्या लागतात. धक्काशोषक दाबून संपण्याआधी चॅसीवरील रबरी ठोकळ्याने चाकाला अडवले पाहिजे. नाहीतर दट्ट्या तळावर आदळून झडप फुटते. मोटार बुटकी केली असेल तर हे अंतर आणखी घटते. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर चारोटी, तलासरीपर्यंत सुरळीत धावणारी मोटार महामार्ग सोडून कैनाडसारख्या गावाच्या दिशेने वळली, की गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे लागतात व लांबीची चूक पहिल्या काही किलोमीटरांतच उघड होते. युरोपातील गुळगुळीत रस्त्यांसाठी शिफारस केलेला कडकपणा अशा रस्त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही.

वायुदाबाच्या धक्काशोषकांबाबतही एक गोष्ट विसरली जाते. आतील वायू दांड्याला सतत बाहेर ढकलतो. त्यामुळे हलकी मोटार थोडी वर उचलली जाते व जुन्या बांधणीवर कायमचा ताण येतो. दुसरीकडे तापलेल्या तेलात फेस होऊन अवरोध घटण्याचा दोष त्यांत कमी असतो.

दुरुस्ती की बदल

तरफेच्या धक्काशोषकांबाबत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. एमजी टीडीपासून एमजीबीपर्यंतच्या मोटारींत पुढील धक्काशोषकाची तरफ हीच चाकाच्या जोडणीची वरची भुजा असते. तो काढून टाकला तर चाकाला वरचा आधारच उरत नाही. म्हणून पुढे दुर्बिणी धक्काशोषक लावायचे तर जुनी पेटी रिकामी ठेवून केवळ भुजा म्हणून वापरावी लागते, किंवा संपूर्ण जोडणी बदलावी लागते. मागील बाजूस ही अडचण नसते. तेथे जादा कंस बोल्टांनी बसवून दुर्बिणी प्रकार लावता येतो व पुढे कधी वाटल्यास काढताही येतो.

प्रत्यक्षात तरफेचा धक्काशोषक दुरुस्त करणे बहुधा शक्य असते. तो गळतो तो तरफेच्या आसाभोवतीचा बुश झिजल्यामुळे. चांगल्या लेथवर नवा बुश बसवून, सील बदलून व योग्य दाटपणाचे तेल भरून तो पुन्हा वर्षानुवर्षे चालतो. केवळ तेल भरत राहणे हा उपाय नव्हे, आणि त्यात ब्रेकचे तेल ओतणे तर निश्चितच नव्हे. दुर्बिणी प्रकार बहुतेक बंद नळीचा असल्याने तेथे बदलणे हाच सरळ मार्ग असतो. गोदामात पडून राहिलेले जुने ‘कोरे’ मूळ भाग आकर्षक वाटतात, पण त्यांतील रबरी सील वयाने कडक झालेले असते व ते काही दिवसांतच गळू लागतात.

मूळपणा आणि नियम

आंतरराष्ट्रीय जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद फेरबदल मर्यादित व पूर्ववत करता येण्याजोगे असावेत, असा आग्रह धरते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांना तिचा लाभ मिळतो. नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत १० वर्षे आहे. चॅसी, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. बोल्टांनी बसवलेला धक्काशोषक बदलणे व त्यासाठी चॅसी कापून नवे कंस वितळजोडाने बसवणे यांतील फरक या अटीमुळे केवळ हौसेपुरता राहत नाही. काढलेले मूळ भाग नाव लिहून जपून ठेवण्याची प्रथा म्हणूनच योग्य आहे.

बसवणी आणि देखभाल

धक्काशोषक एका आसावरील दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावे लागतात. एक नवा व एक थकलेला असल्यास ब्रेक मारताना मोटार एका बाजूस ओढते. दुहेरी नळीचा धक्काशोषक आडवा साठवला असेल तर आतील नळीत हवा शिरलेली असते. बसवण्यापूर्वी तो उभा धरून काही वेळा पूर्ण दाबून-ताणून ती काढावी लागते. रबरी बुशांचे नट मोटार स्वतःच्या चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते.

मोटारीचा कोपरा दाबून सोडण्याची लोकप्रिय चाचणी ढोबळ आहे. तीतून पूर्ण निकामी धक्काशोषक तेवढा कळतो. नळीवरील तेलाचे ओघळ, टायरवर ठरावीक अंतराने पडलेले खळगे आणि ब्रेक मारताना पुढचे तोंड वाजवीपेक्षा खाली जाणे ही अधिक विश्वसनीय लक्षणे होत. डहाणू–मुंबई किनारपट्टीवर खारी हवा व पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे दांड्यावरील क्रोमच्या मुलाम्याला गंजाचे बारीक ठिपके पडतात आणि तेच पुढे सील कापतात. यासाठी पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या मोटारीचा दांडा पुसून त्यावर रबरी वा चामडी आवरण घालतात. मोटार ठोकळ्यांवर उचलून ठेवली असेल तर चाके खाली लोंबू न देता चाकांच्या जोडणीखाली आधार देतात, म्हणजे दांड्याचा बराचसा भाग नळीच्या आत, तेलात राहतो.